पदवीचे शिक्षण : महाविद्यालयात की घरबसल्या?
उल्हासनगर कॅम्प ५ च्या निमित्ताने काही विचार

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गाने उल्हासनगरचे दोन भाग पाडले आहेत. पश्चिमेस कॅम्प १, २ आणि ३. पूर्वेस ४ आणि ५. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे सैनिकांसाठी बराकी उभारण्यात आल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांना याच बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसवून या वसाहतीस उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव देण्यात आले. कॅम्प हा शब्द मात्र लोकांच्या तोंडी कायम राहिला. येथील कितीतरी घरांच्या पत्त्यात आजही बराक क्रमांक लिहिला जातो.

२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ होती आणि ती अवघ्या तेरा-चौदा चौरस किलोमीटरांत सामावलेली होती. अशा दाट वस्तीत घर आणि कामाची जागा यांत फारसे अंतर उरत नाही. कॅम्प ५ मध्ये तर खाली शिलाईची यंत्रे आणि वर राहण्याच्या दोन खोल्या हे दृश्य नित्याचे आहे. जीन्सचे कापड कापणे, शिवणे, ओव्हरलॉक करणे, बटणे लावणे, धागे कापणे ही कामे गल्लोगल्ली नगावर चालतात. धागे कापण्याचे काम पुष्कळदा घरातच येते आणि ते घरातील स्त्रियांच्या व मुलींच्या वाट्यास जाते. जीन्स धुण्याचे अनेक कारखाने वालधुनी नदीच्या प्रदूषणाच्या प्रश्नावरून बंद पडले, तरी शिलाईचा व्यवसाय टिकून आहे.

बारावीचा निकाल लागला की याच घरांतून एक प्रश्न पुढे येतो. मुलाने वा मुलीने रोज महाविद्यालयात जावे, की ऑनलाइन अथवा दूरशिक्षणाने पदवी घ्यावी? पूर्वी हा प्रश्न थोड्यांनाच पडत असे. आता तो घरोघर पडतो आणि त्याचे उत्तर बहुधा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किंवा भ्रमणध्वनीवर आलेल्या जाहिरातीवरून दिले जाते. पुढील तीन वर्षांचा आणि त्यानंतरच्या आयुष्याचा हा निर्णय चार दिवसांत होतो. तो करताना पालक ज्यांच्याकडे सल्ल्यासाठी येतात ते शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांना या विषयाची नेमकी माहिती असावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

तीन वाटा, दोन नव्हेत

प्रथम एक गोंधळ दूर करावयास हवा. बोलण्यात लोक 'ऑनलाइन' हा एकच शब्द वापरतात. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण हे दोन वेगळे प्रकार आहेत. दूरशिक्षणात विद्यापीठ छापील किंवा तत्सम अध्ययन साहित्य देते, संपर्क वर्ग घेते, स्वाध्याय लिहून घेते आणि परीक्षा सामान्यतः नेमलेल्या केंद्रावर होते. ऑनलाइन अभ्यासक्रमात शिकवणे, साहित्य, चर्चा आणि मूल्यमापन हे सारे इंटरनेटच्या माध्यमातून होते. या दोन्ही प्रकारांसाठी आयोगाने ४ सप्टेंबर २०२० रोजी अधिसूचित केलेले विनियम लागू आहेत. तिसरी वाट अर्थात नियमित महाविद्यालयाची.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. राज्य विद्यापीठास दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम आपल्या कार्यक्षेत्रातच चालविता येतो. ऑनलाइन अभ्यासक्रमास अशी भौगोलिक मर्यादा नाही. म्हणून दूरच्या राज्यातील एखाद्या राज्य विद्यापीठाच्या 'दूरशिक्षण केंद्रा'ची पाटी आपल्या बाजारपेठेत दिसली, तर तेथे थांबून चौकशी करणे अगत्याचे आहे.

थोडा इतिहास

घरी राहून पदवी घेण्याची कल्पना इंटरनेटबरोबर आलेली नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. मुंबई विद्यापीठात हे काम १९७१ साली सुरू झाले आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या कारकून, शिक्षक व गृहिणींच्या कित्येक पिढ्यांना त्याचा आधार मिळाला. मुंबई विद्यापीठाची ही शाखा आज दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्र म्हणून काम करते. इंग्लंडमधील मुक्त विद्यापीठाच्या धर्तीवर देशातील पहिले मुक्त विद्यापीठ आंध्र प्रदेशात १९८२ साली स्थापन झाले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि १९८९ साली महाराष्ट्र विधिमंडळाच्या अधिनियमान्वये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे या विद्यापीठाचे ब्रीद आहे आणि त्याचे बरेचसे साहित्य मराठीत आहे, ही गोष्ट मराठी माध्यमातून बारावी झालेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने लहान नाही.

दुसऱ्या बाजूस, प्रत्यक्ष महाविद्यालयाची वेळ कामकऱ्याच्या सोयीने बदलण्याचा प्रयत्नही आपल्याच राज्यात झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरविण्यात आले. कर्मवीर भाऊराव पाटील यांची 'कमवा आणि शिका' योजना तर सर्वांना परिचित आहे. या दोन्ही उदाहरणांत विद्यार्थ्याला घरी न बसविता संस्थेने आपले वेळापत्रक त्याच्याकडे वळविले, हे विसरून चालणार नाही.

आणि उल्हासनगरकरांना तर महाविद्यालय ही वास्तू काय असते हे वेगळे सांगावयास नको. हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड या संस्थेच्या नावातच मागे राहिलेले गाव आहे. सिंधमध्ये १९२२ साली स्थापन झालेले नॅशनल कॉलेज फाळणीनंतर १९४९ साली वांद्रे येथे पुन्हा उभे राहिले आणि त्याच संस्थेने १९६५ साली उल्हासनगरात चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय सुरू केले. घरदार गमावून आलेल्या माणसांनी निवाऱ्यापाठोपाठ महाविद्यालयाची चिंता केली. कॅम्प ५ मधील आजच्या अनेक पालकांचे शिक्षण याच परिसरातील महाविद्यालयांत झाले आहे.

पदवीचे मोल

पालकांचा पहिला प्रश्न असतो तो हा, की अशी पदवी चालते का? या प्रश्नाचे उत्तर आता संदिग्ध राहिलेले नाही. मान्यताप्राप्त संस्थेने आयोगाच्या नियमांनुसार दूरशिक्षणाने वा ऑनलाइन दिलेली पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पदवीधर ही अर्हता असलेल्या स्पर्धा परीक्षांना असा उमेदवार बसू शकतो आणि पुढील शिक्षणासही पात्र ठरतो.

तथापि या वाक्यातील 'मान्यताप्राप्त' आणि 'नियमांनुसार' हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. मान्यता केवळ विद्यापीठाला असून भागत नाही. विशिष्ट विद्यापीठाला, विशिष्ट अभ्यासक्रमासाठी, विशिष्ट प्रकाराने शिकविण्यास, विशिष्ट सत्रापुरती ती मिळते. गेल्या वर्षी असलेली मान्यता यंदा असेलच असे नाही. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ही यादी पाहावयास मिळते आणि ती प्रवेशाच्या दिवशी पाहिली पाहिजे; कोणी भ्रमणध्वनीवर पाठविलेले जुने पत्रक पुरेसे नाही.

काही शाखांचे शिक्षण या मार्गाने घेताच येत नाही. वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, भौतिकोपचार, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, विधी, कृषी, हॉटेल व्यवस्थापन या पदव्या त्यांत येतात. मानसशास्त्र आणि आरोग्याशी संबंधित इतर अभ्यासक्रमही २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरशिक्षण व ऑनलाइन पद्धतीतून वगळण्यात आले आहेत. 'घरबसल्या एलएल.बी.' किंवा 'घरबसल्या नर्सिंग' अशी जाहिरात दिसली तर ती खोटी आहे, एवढे पालकाला ठामपणे सांगता येईल. बी.एड. ची गोष्ट थोडी निराळी आहे. दूरशिक्षणाने होणारे बी.एड. मुख्यतः सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी असते आणि त्यास राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता लागते. बारावीनंतर वा पदवीनंतर थेट शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींची या बाबतीत अनेकदा फसगत होते.

दलालांविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे. रेल्वे स्थानकाबाहेरच्या भिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर, दुकानांच्या वरच्या मजल्यावर 'एका वर्षात पदवी', 'नापास विद्यार्थ्यांना संधी' अशा पाट्या लागतात. तीन वर्षांची पदवी एका वर्षात मिळत नाही. मागील तारखेची गुणपत्रिका देऊ करणारा मनुष्य विद्यार्थ्याला शिक्षण देत नसून एका गुन्ह्यात ओढत असतो. आयोगाच्या नियमांनी फ्रँचायझी पद्धतीस मनाई केली आहे. विद्यार्थी साहाय्य केंद्र तो विषय शिकविणाऱ्या मान्यताप्राप्त महाविद्यालयातच असावे लागते. त्यामुळे केंद्राचा पत्ता कोणता, हा साधा प्रश्न विचारला तरी पुष्कळ गोष्टी उघड होतात. शुल्क विद्यापीठाच्या नावाने भरावयाचे आहे की एखाद्या व्यक्तीच्या खात्यात, हा दुसरा प्रश्न. शिवाय आता अशा अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतःची नोंदणी करून डीईबी आयडी घ्यावा लागतो. त्यासाठी आधी शैक्षणिक श्रेयांक पेढीत, म्हणजेच ज्याला मुले एबीसी म्हणतात तेथे, खाते असावे लागते. ही नोंदणी विद्यार्थ्याने स्वतः करावयाची आहे. 'ते सगळे आम्ही पाहून घेऊ' असे कोणी म्हणू लागला की सावध व्हावे.

खर्चाचा हिशेब

घरबसल्या शिक्षण स्वस्त पडते, हा दुसरा समज. तो बऱ्याच अंशी खरा आहे, पण पालक तुलना करतात ती चुकीच्या गोष्टींची. एकाच महाविद्यालयात अनुदानित बी.ए. वा बी.कॉम. चे शुल्क आणि विनाअनुदानित, स्वयंअर्थसाहाय्यित अभ्यासक्रमाचे शुल्क यांत मोठी तफावत असते. शेजारच्या मुलाने व्यवस्थापन किंवा माहिती तंत्रज्ञानाच्या विनाअनुदानित तुकडीसाठी भरलेला आकडा ऐकून पालक 'कॉलेज परवडत नाही' असे ठरवून मोकळे होतात. अनुदानित तुकडीत जागा आहे काय, हे विचारण्यास कोणी जात नाही.

शिष्यवृत्त्यांचेही तसेच. महाडीबीटी संकेतस्थळावरून मिळणाऱ्या शासकीय योजनांचा लाभ नियमित विद्यार्थ्याला ज्या सहजतेने मिळतो, तसा प्रत्येक दूरशिक्षण वा ऑनलाइन अभ्यासक्रमाला मिळेलच असे नाही. प्रवेशापूर्वी हे संबंधित कार्यालयातून विचारून घ्यावे. मुलींच्या बाबतीत तर एक निर्णय प्रत्येक शिक्षकास पाठ असावयास हवा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत देण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. ही सवलत ठाऊक नसल्याने अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्रात जाऊ शकणारी मुलगी 'खर्च नको' म्हणून घरबसल्या बी.ए. ला बसली, तर तो तोटा पुढे कशानेही भरून येणार नाही.

ऑनलाइन शिक्षणाचा स्वतःचा खर्चही मांडून पाहावा. घरात एक भ्रमणध्वनी आणि तो वडिलांच्या खिशात, अशी स्थिती असेल तर अभ्यास रात्री दहानंतरच सुरू होईल. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत याचा अनुभव सर्वांनी घेतला आहे. राज्यातील महाविद्यालयांचे प्रत्यक्ष वर्ग ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू होईपर्यंत दोन भावंडांनी एका यंत्रावर आळीपाळीने वर्ग केले, कित्येकांनी ते केलेच नाहीत. त्या काळावरून ऑनलाइन शिक्षणाची परीक्षा करणे मात्र अन्यायाचे होईल. तो आपत्काल होता. वर्गासाठी रचलेला अभ्यासक्रम घाईने पडद्यावर आणला गेला होता. मुळातच ऑनलाइन शिकविण्यासाठी तयार केलेला चांगला अभ्यासक्रम ही वेगळी गोष्ट आहे. आयआयटी मद्रासने २०२० पासून डेटा सायन्समध्ये असा अभ्यासक्रम चालविला आहे. तो अवघड आहे आणि त्याच्या परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. ऑनलाइन म्हणजे सोपे, ही समजूत त्याने पुसून टाकावी.

घर नावाचा वर्ग

आता मुख्य मुद्दा. घरबसल्या शिक्षणात घर हाच वर्ग होतो. तेव्हा ते घर कसे आहे, हे पाहिल्यावाचून सल्ला देता येत नाही.

कॅम्प ५ मधील एखाद्या शिलाईच्या कारखान्यात काम करणारा एकोणीस-वीस वर्षांचा तरुण डोळ्यांसमोर आणावा. वडिलांची प्रकृती बरी नाही, घरात मिळविणारा तोच. सकाळी नऊ ते रात्री आठ यंत्रावर. त्याने नियमित महाविद्यालयात नाव घातले तर ७५ टक्के उपस्थितीच्या नियमात तो बसणार नाही आणि परीक्षेच्या तोंडावर अडेल. त्याच्यासाठी दूरशिक्षण ही दुय्यम नव्हे, योग्य वाट आहे. मुक्त विद्यापीठ अशांसाठीच निर्माण झाले. त्याला सांगावयाचे ते इतकेच, की रविवारचे संपर्क वर्ग चुकवू नकोस आणि कारखान्याच्या मालकाशी परीक्षेच्या दिवसांविषयी आधीच बोलून ठेव.

आता त्याच गल्लीतील सतरा-अठरा वर्षांची मुलगी. बारावीला बरे गुण आहेत. घरात कोणी आजारी नाही, अगदीच हलाखी नाही. शाळेतल्या शिक्षिकेला तिचे वडील सांगतात, "बाई, आता मोबाइलवरच पदवी मिळते. मग रोज रिक्षाला पैसे कशाला, आणि मुलीला एवढ्या लांब पाठवायचे कशाला?" बोलणे प्रेमाचे आहे, काळजीचेही आहे. परंतु पुढे काय घडते ते आपण सर्व जाणतो. मुलगी घरी आहे म्हटल्यावर ती मोकळी आहे, असेच सर्वांना वाटते. पाणी आले की तिला हाक, पाहुणे आले की तिला हाक, धागे कापावयाच्या पँटींचा ढीग आला की तिला हाक. पडद्यावर प्राध्यापक बोलत असतात आणि यंत्रांच्या खडखडाटात ते कोणाला ऐकू येत नाहीत. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचा निदान सकाळचा वेळ तिचा असतो. तो तिच्याकडून कोणी मागत नाही.

या मुलीच्या दृष्टीने महाविद्यालय म्हणजे केवळ व्याख्यान नव्हे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, राष्ट्रीय सेवा योजना, एन.सी.सी., मैदान, वर्गातील चाळीस निराळ्या घरांतील मुली, बँकेत स्वतः जाऊन खाते उघडणे, लोकलच्या महिला डब्यात उभे राहून पाठ केलेली सनावळी. कॅम्प ५ पासून कॅम्प ३ हे अंतर रिक्षाने फार नाही. परंतु लोहमार्ग ओलांडून रोज पलीकडे जाणे हेही एक शिक्षण आहे. आमच्या मते, जिथे अडचण केवळ 'कशाला पाठवायचे' एवढीच आहे तिथे शिक्षकाने आग्रह धरावा. घरी येऊन, आईला वेगळे बोलावून, प्रसंगी शेजारणीच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीची सोबत जोडून द्यावी. नियमात हे कोठे लिहिलेले नाही, पण चांगले शिक्षक ते करीत आले आहेत.

उलट, लग्न होऊन शिक्षण थांबलेली, दोन लहान मुले असलेली स्त्री पुन्हा शिकू म्हणते, तेव्हा तिला महाविद्यालयाची वेळ दाखवून परत पाठविणे हा निर्दयपणा आहे. तिच्यासाठी दूरशिक्षणच खरे. बारावीच झालेली नसेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देण्याची किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची वाट आधी दाखवावी. प्रश्न माध्यमाचा नाही. ते माध्यम त्या व्यक्तीला वेळ मिळवून देते की तिचा वेळ हिरावून घेते, हे पाहावयाचे आहे.

शिस्तीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. मुक्त आणि दूरशिक्षणात मध्येच शिक्षण सुटण्याचे प्रमाण अधिक असते, हा जगभरचा अनुभव आहे. प्रस्तुत लेखकाने पदवी वर्गात बसून घेतली आणि नोकरी लागल्यावर एम.ए. साठी बाहेरून नाव घातले. टपालाने आलेल्या पुस्तिकांचा पहिला गठ्ठा त्याने उत्साहाने उघडला. दुसरा आजही सुतळीसह कपाटावर आहे. विद्यापीठाची त्यात काही चूक नव्हती. वर्गात शेजारी बसणारा मित्र 'उद्या चाचणी आहे' म्हणतो, त्या एका वाक्याची किंमत तेव्हा कळली. म्हणून अठराव्या वर्षी, स्वतःचा अभ्यास स्वतः आखण्याची सवय नसलेल्या मुलाला एकट्याने पडद्यासमोर बसविताना दहादा विचार करावा. पंचविशी-तिशीतील नोकरदाराची गोष्ट वेगळी. त्याला आपण कशासाठी शिकतो हे ठाऊक असते.

दोन्ही वाटांचा मेळ

हे दोन मार्ग एकमेकांस वर्ज्य आहेत, असेही नाही. आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास मुभा दिली आहे. नियमित बी.कॉम. करणारी मुलगी त्याच काळात ऑनलाइन वा दूरशिक्षणाने दुसरा अभ्यासक्रम पूर्ण करू शकते. केंद्र शासनाच्या 'स्वयम्' या मंचावर २०१७ पासून देशभरातील प्राध्यापकांचे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक तेथून घेण्यास आयोगाचे नियम परवानगी देतात. आपले महाविद्यालय ते कितपत स्वीकारते, हे प्राचार्यांकडे विचारावे. अनेक महाविद्यालयांत वाणिज्य शाखेचे वर्ग सकाळी लवकर सुटतात. दुपारी कामावर जाणाऱ्या मुलाने आपले काम अर्ध्या दिवसाचे करून घेता येते का हे पाहिले, तर पुष्कळदा महाविद्यालय सोडण्याची वेळच येत नाही.

पंचायतींकडून अपेक्षा

अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे झपाट्याने वाढली. २०११ मध्ये त्यांची लोकसंख्या अनुक्रमे २,५३,४७५ आणि १,७४,२२६ होती. परंतु शहरांची हद्द संपताच अंबरनाथ तालुक्यातील गावे आणि पाडे लागतात. तेथील मुलाला महाविद्यालयात जावयाचे तर आधी रस्त्यापर्यंत पायी, मग रिक्षा, मग लोकल. पावसाळ्यात गाडी खोळंबली की पहिले दोन तास बुडाले. अशा ठिकाणी ग्रामपंचायत एक मोलाची गोष्ट करू शकते, ती म्हणजे अभ्यासिका. भारतनेट योजनेतून जोडणी पोहोचलेल्या ग्रामपंचायतीत एक खोली, चार टेबले, दोन संगणक आणि रात्री दहापर्यंत दिवा एवढे असले, तरी घरबसल्या शिकणाऱ्याला घराबाहेर बसून शिकता येते. स्पर्धा परीक्षांसाठी अनेक गावांनी अभ्यासिका उभारल्या आहेत. त्याच खोलीत दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना जागा द्यावी. मुलींसाठी वेळ राखून ठेवावी, नाहीतर ती खोली मुलांचीच होऊन बसते.

याच तालुक्यात वांगणी आहे. या गावात दृष्टिहीन नागरिकांची मोठी वस्ती आहे आणि त्यांपैकी अनेकजण लोकलमध्ये वस्तू विकून संसार चालवितात. त्यांच्यासाठी व त्यांच्या मुलांसाठी दूरशिक्षणाचा विचार करताना एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावी. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी प्रणाली केवळ खरा मजकूर वाचते. पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे काढून पाठविली तर ती मुकी राहते. प्रवेशापूर्वी अध्ययन साहित्य कोणत्या स्वरूपात मिळणार, हे विचारावे. परीक्षेसाठी लेखनिक मिळण्याची व्यवस्था आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार उच्च शिक्षण संस्थांत राखीव असलेल्या किमान पाच टक्के जागा यांची माहितीही त्यांना द्यावी. त्या जागा नियमित महाविद्यालयांतही आहेत. दृष्टी नाही म्हणून घरीच शीक, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रवेशाच्या वेळी

नियमित महाविद्यालयांचे प्रवेश बारावीच्या निकालानंतर लगेच सुरू होतात व लवकर संपतात. दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांची सत्रे वर्षातून दोनदा, जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्टमध्ये असतात आणि त्यांची मुदत सामान्यतः मागाहून संपते. हा क्रम विद्यार्थ्याच्या फायद्याचा आहे. प्रथम नियमित महाविद्यालयात, अनुदानित तुकडीसाठी अर्ज करावा. तेथे जागा मिळाली नाही किंवा घरची अडचण खरोखरच न सुटणारी निघाली, तर दुसरी वाट तेव्हाही उघडी असते. उलट क्रमाने गेले तर नियमित प्रवेशाची मुदत निघून जाते आणि निवड करण्यासारखे काही उरत नाही.

कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांनी बारावीच्या वर्गात हे निकालापूर्वीच, शक्य तर फेब्रुवारीच्या लेखी परीक्षेआधी, पालकांच्या सभेत सांगावे. सभा रविवारी सकाळी घेतल्यास बरे. कॅम्प ५ मधील बरेच कारखाने त्या दिवशी बंद असतात आणि वडीलही येऊ शकतात.